हरिकेन डोक्यावर आलंय आणि चॅनल चालू ठेवायचंय, तर काय काय करावं लागतं

आपल्याकडे न्यूज चॅनल म्हटलं की मुंबईतनं नाहीतर नोएडातनं वर सॅटेलाइटला जाणारं चॅनल डोळ्यासमोर येतं, त्यामुळे अमेरिकेतलं लोकल स्टेशन ही काय भानगड आहे ते आधी सांगतो. तिथे देशाचे साधारण २१० टीव्ही मार्केट पाडलेत, बहुतेक ठिकाणी तीन-चार स्टेशनं आणि प्रत्येकाचा स्वतःचा स्टुडिओ, ट्रान्समीटर, टॉवर. म्हणजे वादळ ज्या गावावर येणार त्याच गावात चॅनलचं सगळं बिऱ्हाड. मुंबईत बसून कोकणातल्या वादळाची बातमी देणं वेगळं आणि स्वतःच्या घराचे पत्रे उडत असताना ती देणं वेगळं.

मी अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर अशाच एका छोट्या स्टेशनात काही वर्षं इंजिनिअरिंगला होतो. आता आपली बरीच पोरं तिकडे ब्रॉडकास्टमध्ये जातायत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात "दादा आमच्याकडे हरिकेन प्लॅनची मीटिंग आहे, काय विचारू" म्हणून मेसेज येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

एक गोष्ट आधी डोक्यात फिट करा. स्टेशन बंद पडतं ते वाऱ्यापेक्षा जास्त पाण्याने, आणि जे टिकतात ते बिल्डिंग मजबूत होती म्हणून नाही, तर बिल्डिंग सोडायची तयारी आधी केलेली होती म्हणून. नव्या माणसाला वाटतं की ऑन एअर राहायचं म्हणजे किल्ला लढवायचा. अजिबात नाही. तुमचं चित्र तुमच्या बिल्डिंगला न विचारता टॉवरपर्यंत कसं पोचेल, प्लॅन म्हणजे एवढंच, बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

कतरिना वादळाचं उदाहरण घ्या, २९ ऑगस्ट २००५. लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समधली सगळी स्टेशनं कधी ना कधी बंद पडली, एक डब्ल्यूडब्ल्यूएल सोडून. त्यांचा स्टुडिओ फ्रेंच क्वार्टरच्या कडेला, रॅम्पार्ट स्ट्रीटवर, पण त्यांनी वादळ यायच्या आधीच बॅटन रूजला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या पत्रकारितेच्या कॉलेजात जागा ठरवून ठेवलेली. शहर खाली करायचे आदेश निघाले तसं माणसं तिकडे हलली, आणि ट्रान्समीटर नदीपलीकडे ग्रेट्नाला होता, तो पाण्यातनं वाचला. ट्रान्समीटर जिवंत आणि दुसरीकडे बसायला खुर्ची, एवढ्यावर ते चालू राहिले, पुढे पीबडी हे तिथलं ब्रॉडकास्टमधलं मानाचं अवॉर्डही मिळालं. त्याच शहरातल्या डब्ल्यूडीएसयूने मिसिसिपीतल्या जॅक्सन आणि फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या आपल्या भावंड स्टेशनांवरनं, म्हणजे एकाच मालकाच्या दुसऱ्या गावच्या स्टेशनांवरनं, बातम्या दिल्या.

आता उलटं बघा. ह्यूस्टनचं केएचओयू बफेलो बायूच्या अगदी काठावर. बायू म्हणजे आपल्याकडची मंदगती खाडी-नाला समजा. २००१ मध्ये अॅलिसन वादळात पाणी शिरलेलंच होतं तरी तिथेच राहिले, आणि २७ ऑगस्ट २०१७ ला हार्वीच्या पावसात पाणी परत खालच्या मजल्यावर. बातम्या चालू असताना अँकर लोक उठून वरच्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये गेले, मग तिथूनही निघावं लागलं आणि चॅनल काही वेळ बंद पडलं. डलासचं भावंड स्टेशन डब्ल्यूएफएए मदतीला आलं, नंतर ह्यूस्टनच्याच पब्लिक टीव्हीच्या स्टुडिओत यांनी बस्तान मांडलं. त्या गडबडीत बाहेर एक रिपोर्टर आणि कॅमेरामन दोघंच लाइव्ह होते, आणि त्यांनी पाण्यात अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरसाठी, रेस्क्यू बोट ओढून नेणाऱ्या पोलिसांच्या गाडीला हात करून थांबवलं, माणूस वाचला. २०१९ मध्ये स्टेशनने ती जागा कायमची सोडून नवीन ठिकाणी बस्तान हलवलं. तेव्हा मीटिंगमध्ये तुमचा पहिला प्रश्न हाच पाहिजे की आपला सर्व्हर रूम आणि इलेक्ट्रिक पॅनल कितव्या मजल्यावर आहे. उत्तर "बेसमेंट" आलं तर बाकीचे प्रश्न विचारायची गरजच नाही.

वेळापत्रक नॅशनल हरिकेन सेंटरच्या हिशोबाने लावा. ते दर ६ तासाला अॅडव्हायझरी काढतात, किनाऱ्यावर वॉच (हरिकेन येऊ शकतं) किंवा वॉर्निंग (येणार असंच धरा) लागलं की मध्ये मध्ये दर ३ तासाला. वॉच म्हणजे ताशी ६३ किमीचा वारा पोचायच्या साधारण ४८ तास आधी, वॉर्निंग ३६ तास आधी. हे तास वारा सुरू व्हायच्या आधीचे आहेत, वादळाचा डोळा यायच्या आधीचे नाहीत, नवीन माणूस इथेच गंडतो. जे काम उंचावर चढून करायचंय, गच्चीवरच्या डिश, टॉवरचे नटबोल्ट, ते सगळं वॉचच्या आधी उरकलेलं पाहिजे कारण वॉर्निंगनंतर चढायला कोणी तयार होत नाही आणि व्हायलाही नको.

मग वीज. लाईट जाणारच हे धरूनच चला. लाईट गेली की जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, तेवढं यूपीएसने सांभाळायचं, म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्या मे महिन्यातच तपासा. डिझेलचा हिशोब आधी कागदावर करा. १०० किलोवॅटचा जनरेटर फुल लोडवर तासाला ढोबळमानाने २५-३० लिटर पितो, म्हणजे ३०० किलोवॅटचा ८० च्या आसपास, चार दिवस चालवायचा तर साडेसात हजार लिटरच्या वर गेलं. आणि हे स्टुडिओचं झालं, ट्रान्समीटर साइटवर वेगळा जनरेटर, वेगळी टाकी. डिझेलवाल्याशी कॉन्ट्रॅक्ट असेल तरी रस्ता बंद झाला की त्याचा टँकर काय उडत येणार नाही, तेव्हा टाकी आधी काठोकाठ भरा.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दर सोमवारी सकाळी जनरेटर दहा मिनिटं चालवायचा, रजिस्टरमध्ये टिक करायची, सगळे खूश. पण ते चालवणं बिनलोडचं. खरं वादळ आलं तेव्हा लोड पडला, दोनेक तासांनी टाकीतला तळाचा गाळ वर आला, फिल्टर चोंदला आणि जनरेटरने मान टाकली. जादा फिल्टर होता, पण कुठे होता ते ज्याला माहीत तो माणूस सुट्टीवर. पावणेदोन तास काळा पडदा. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, महिन्यातनं एकदा मेन बंद करून खरा लोड देऊन चालवा, डिझेल गाळून घ्या, आणि फिल्टर जनरेटरच्या शेजारी भिंतीला टांगून ठेवा, कपाटात कुलुपात नको.

स्टुडिओतून टॉवरपर्यंत सिग्नल जातो त्या लिंककडे लोकांचं लक्षच नसतं. बहुतेक ठिकाणी मायक्रोवेव्ह असते, म्हणजे समोरासमोर दोन डिश, आणि वाऱ्याने एक डिश बोटभर सरकली तरी खेळ खल्लास, स्टुडिओ चालू, ट्रान्समीटर चालू, आणि मध्ये काहीच नाही. म्हणून दुसरी वाट म्हणून फायबर, तिसरी सॅटेलाइटची आणि शक्य असेल तर चौथी म्हणजे ट्रान्समीटर साइटवरच एक छोटा कॅमेरा, माइक आणि खुर्ची. हसू नका, सगळ्या वाटा बंद झाल्या की तिथे बसलेला एक माणूस म्हणजेच तुमचं चॅनल. जोरदार पावसात सॅटेलाइटचा सिग्नलही गळतो हे धरून ठेवा, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

केपीएलसी म्हणून लुइझियानातल्याच लेक चार्ल्सचं स्टेशन आहे. २७ ऑगस्ट २०२० च्या पहाटे लॉरा वादळ आलं, ताशी २४० किमीचा वारा, आणि स्टुडिओशेजारचा टॉवर थेट स्टुडिओवरच कोसळला. माणसं आधीच बॅटन रूजच्या भावंड स्टेशनात गेली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही आणि बातम्या तिथून चालू होत्या. तेव्हा टॉवर स्टुडिओला खेटून असेल तर प्लॅनमध्ये एक ओळ घाला, अमुक वाऱ्यानंतर बिल्डिंगमध्ये कोणीही नाही, न्यूज डायरेक्टर कितीही ओरडला तरी. तो आकडा आत्ता शांत डोक्याने ठरवा, त्या रात्री ठरवायला गेलात की प्रत्येक जण शूर होतो.

ओबी व्हॅन, म्हणजे जागेवरून लाइव्ह पाठवणारी गाडी, तिच्याबद्दल थोडक्यात. टपावरचा मास्ट म्हणजे अँटेनाचा खांब वर केलेला असतो त्याला वाऱ्याची मर्यादा असते, डिशलाही असते, साधारण ताशी ६०-७० किमीच्या पुढे डिश खालीच. पाठीवरच्या बॅगेतनं चार-सहा सिम एकत्र करून लाइव्ह करतात ते भारी आहे पण मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की तेही बंद. गाड्या पार्किंगच्या वरच्या मजल्यावर लावा, भिंतीच्या आडोशाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि इंजिनिअर लोक सगळ्यात जास्त विसरतात ते. तुम्ही ऑन एअर आहात, पण बघतंय कोण? घरात लाईट नाही, केबल तुटलेली. पूर्वी लोकांकडे बॅटरीवरचे छोटे टीव्ही असायचे, १२ जून २००९ ला अमेरिकेची मोठी स्टेशनं डिजिटल झाली, त्या जुन्या डब्यांना नवा सिग्नल पकडता येईना आणि ते सगळे भंगारात गेले. म्हणून रेडिओ. गावातल्या एखाद्या एफएम किंवा एएमवाल्याशी आधीच करार करा की वादळाच्या रात्री तुमच्या टीव्हीचा आवाज त्यांच्यावर जसाच्या तसा जाईल. १९९२ ला अँड्र्यू आलं तेव्हा मायामीच्या डब्ल्यूटीव्हीजेवर हवामानवाला ब्रायन नॉरक्रॉस सलग २३ तास बोलत होता, स्टुडिओ धोक्यात आल्यावर टीम सामानाच्या खोलीत जाऊन बसली आणि तिथून चालू. त्याचा आवाज रेडिओवर जात होता म्हणून अंधारात बाथरूममध्ये अंगावर गादी ओढून बसलेल्या लोकांपर्यंत तो पोचला. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे लाईट, मोबाइल सगळंच गेलं, चॅनलवर दिवसभर बातम्या होत्या, फक्त ज्यांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या त्यांना त्या दिसत नव्हत्या. तीच गोष्ट.

रेडिओवर जाताय तर अँकरना सवय लावा, "हा लाल पट्टा बघा" म्हणायचं नाही, गावाचं नाव, रस्त्याचं नाव, किती वाजता, तोंडाने सांगायचं. आणि याच्या बरोबर उलटंही, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याला ते दिसलं पाहिजे, एफसीसीचा, म्हणजे तिथल्या टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, तसा नियमच आहे की आणीबाणीची माहिती बोललात तर ती पडद्यावरही यायला हवी. बोललेलं टाइप करून पडद्यावर आणणाऱ्या कॅप्शनवाल्याची लाइन तुटली तर पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहा आणि कॅमेऱ्यासमोर धरा, चालतं. कलेक्टरसारखे तिथले कोणी अधिकारी प्रेस घेत असतील तर शेजारी खुणांनी सांगणारा दुभाषी फ्रेममध्ये ठेवा. आणि तो खरा दुभाषी आहे ना बघा, २०१७ ला इर्माच्या वेळी फ्लोरिडाच्या मॅनटी काउंटीत पट्टीचा दुभाषी मिळाला नाही म्हणून थोड्या खुणा येणाऱ्या माणसाला उभं केलं आणि बहिऱ्या लोकांना वादळाच्या सूचनेत पिझ्झा आणि राक्षस दिसले.

माणसांचं बघा, मशीनचं नंतर. दोन टीम करा, एक वादळात आत, दुसरी लांब सुरक्षित, नंतर येऊन सुटका करणारी. सगळे एकाच रात्री जागवलेत तर दुसऱ्या दिवशी, जेव्हा खरी बातमी असते, तेव्हा चालवायला कोणी शुद्धीवर नसतं. ज्याचं घर पूर येणाऱ्या भागात आहे त्याला आधी दोन दिवस सुट्टी द्या, बायकापोरं हलवून येऊ दे, नाहीतर तो शरीराने इथे आणि मनाने तिथे. कॉट, गोळ्या-औषधं, कॅश (एटीएम बंद असतात), धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच, आणि संडासात टाकायला पाण्याची पिंपं. पिण्याचं पाणी सगळे आणतात हो, हे दुसरं पाणी कोणी आणत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यावरूनच भांडणं होतात.

वादळ गेल्यावर लगेच टॉवरवर कोणाला चढवू नका, टॉवरला धरून ठेवणाऱ्या ताणलेल्या तारा आधी खालून दुर्बिणीने बघा. लिंकची डिश परत नीट लावा, ट्रान्समीटर कमी पॉवरवर सुरू करून मग वाढवा, अँटेनाच्या लाइनमध्ये पाणी शिरलेलं असेल आणि फुल पॉवर दिलीत तर उरलंसुरलंही जळेल. आणि न्यूजरूमचा फ्रिज आठवडाभर बिनलाइटचा असेल तर उघडून बघायचा मोह आवरा, चारी बाजूंनी टेप लावून आहे तसा बाहेर काढा. कतरिनानंतर न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर असे टेप लावलेले फ्रिज रांगेने उभे होते ते उगाच नाही.