फ्रीझरमधल्या जुन्या युरीन सॅम्पलमधून डीएनए काढायचाय? आधी हे बघा

आमच्या गोव्यातल्या काणकोणात किडनीचे पेशंट इतके का, याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. असल्या विषयावर जेनेटिक्सचं काम करायचं म्हटलं की बऱ्याचदा रक्त कोणी ठेवलेलं नसतं, पण प्रोटीन-क्रिएटिनिनसाठी (लघवीतून प्रोटीन किती जातंय ते बघायच्या टेस्टसाठी) घेतलेल्या लघवीच्या ट्यूब्स फ्रीझरमध्ये पडून असतात. त्यातून डीएनए मिळतो का? मिळतो. मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या पेशी सुटून लघवीत येतात, थोड्या पांढऱ्या पेशीही असतात, त्यांच्यातलाच हा डीएनए. रक्ताच्या मानाने खूप कमी, बायकांच्या सॅम्पलमध्ये साधारण जास्त, पुरुषांच्या कधी कधी अगदी नावालाच.

डीएनए काढायचं किट मागवायच्या आधी जुनं रजिस्टर काढा. ट्यूबमध्ये अख्खी लघवी आहे की सेंट्रीफ्यूज करून (मशीनमध्ये जोरात फिरवून, पेशी तळाला बसवून) वरचं पाणी तेवढं ठेवलंय? वरचं पाणीच असेल तर पेशी तेव्हाच बेसिनमध्ये गेल्या, तिथे फार आशा ठेवू नका. मग सॅम्पल घेतल्यापासून फ्रीझरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला ते बघा, कारण मे महिन्यात काणकोणहून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजपर्यंत बर्फाशिवाय आलेल्या बाटलीत वाटेतच बॅक्टेरिया वाढतात आणि लघवीतली एन्झाइम्स डीएनएचे तुकडे करत बसतात. मायनस 80 ला ठेवलेलं मायनस 20 पेक्षा बरं टिकतं. आणि पावसात लाईट गेली होती का, चवथीच्या सुट्टीत सगळे घरी गेलेले असताना फ्रीझर बंद पडला होता का हेही विचारा, रजिस्टरात ते नसतंच, पण लॅब अटेंडंटला बरोबर आठवतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: प्रोटीन टेस्टसाठी दिलेली संमती जेनेटिक्सला आपोआप लागू होत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि एथिक्स कमिटीकडे जा, उरलेल्या सॅम्पलला नव्याने संमती लागेल की सूट मिळेल ते कमिटी ठरवते, आपण नाही.

आता खरं काम. ट्यूब वितळताना तळाला पांढरट किंवा गुलाबी गाळ दिसेल, ते युरेट आणि कॅल्शियमचे क्षार. घाण समजून हा गाळ टाकू नका, पेशी त्यातच अडकलेल्या असतात! वितळतानाच ईडीटीए हे रसायन घाला (शेवटी 10 ते 40 मिलिमोलर होईल इतकं), त्याने कॅल्शियम धरलं जातं आणि डीएनए तोडणारी एन्झाइम्सही थंडावतात, मग 37 डिग्रीला थोडं कोमट करून ट्यूब उलटसुलट करत राहा, युरेट बरेचसे विरघळतात. त्यानंतरच सेंट्रीफ्यूज, 3000-4000 जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोराने) दहा-पंधरा मिनिटं. खालचा गोळा पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा, नाहीतर युरिया पुढे जाऊन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, अडवतो. पुढे प्रोटीनेज के (प्रोटीन पचवणारं एन्झाइम), 56 डिग्री, मग डीएनए धरून ठेवणारा नेहमीचा सिलिका कॉलम, आणि शेवटी कमी बफरमध्ये काढा म्हणजे डीएनए फार पातळ होणार नाही. वरचं पाणी लगेच ओतू नका. गोठण्या-वितळण्यात पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए त्या पाण्यात उतरतो, खाली काही मिळालं नाही तर तिथे शोधता येतं.

मोजताना बरेच जण फसतात. नॅनोड्रॉपवर (प्रकाशाने डीएनए मोजणाऱ्या मशीनवर) आकडा झकास येतो आणि जीनोटायपिंग, म्हणजे जीनमधले फरक वाचणं, फेल जातं, कारण त्या आकड्यात बॅक्टेरियाचा डीएनएही असतो. क्युबिटलासुद्धा (चमकणाऱ्या रंगाने डीएनए मोजणाऱ्या मशीनला) माणूस कोण आणि ई. कोलाय कोण ते कळत नाही. माणसाच्याच जीनवर, म्हणजे आरनेज पी वगैरेवर, क्यूपीसीआर (प्रती वाढताना मोजणारा पीसीआर) करा, आणि सिग्नल उशिरा आला तर तेच सॅम्पल दहापट पातळ करून परत लावा, पातळ केल्यावर अपेक्षेपेक्षा बरं चाललं तर डीएनए आहे, पण काहीतरी पीसीआर अडवतंय. जुन्या सॅम्पलला 100-150 बेसचे छोटे तुकडे वाढवणारे प्राइमर (पीसीआर कुठून सुरू व्हावा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) घ्या, लांबचे बहुतेक चालत नाहीत.

प्रत्येक सॅम्पलची एक्स-वाय तपासणी, म्हणजे डीएनए बाईचा की पुरुषाचा ते बघणं, कराच. रजिस्टरात बाई आणि ट्यूबमध्ये वाय निघाला तर लेबल बदललं असेल, पण क्वचित पार्टनरचा डीएनएही मिसळलेला असू शकतो, लगेच अटेंडंटवर ओरडू नका.

किडनीच्या पेशंटचं काम असेल तर ट्रान्सप्लांट झालेले आधीच वेगळे काढा. बसवलेल्या किडनीच्या पेशीही लघवीत येतात, म्हणजे नाव पेशंटचं आणि डीएनए काही प्रमाणात डोनरचा. अशांचं रक्त किंवा लाळ मागूनही भागेलच असं नाही, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर तिथेही डोनरच निघतो, म्हणून केसपेपर बघूनच ठरवा.