सावलीच्या अंगणात जमीन झाकणारी रोपं: मृगाआधीची तयारी

सुरुवात मे महिन्यात करा, आणि पहिल्यांदा रोपं नाही, सावली बघा. सोलापुरात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून, किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळे घराच्या उत्तरेची जी बोळ डिसेंबरात दिवसभर गार असते, तिथे उन्हाळ्यात कडक ऊन उतरतं. हिवाळ्यात जागा बघून निवडलेलं रोप मेमध्ये करपतं ते यामुळेच. सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता सावलीची कड चुन्याने आखून घ्या.

मग माती. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी ४ तासांनीही उरलं, तर काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं कुजणार हे नक्की. तिथे वाफा ४ ते ६ इंच उंच घ्या. कडुलिंबाखाली किंवा आंब्याखाली मात्र माती चढवू नका, खोडाला ओल धरते. खोडाभोवती २ फूट मोकळं सोडा आणि कुदळ बाजूला ठेवून मोठ्या मुळांच्या मधे खुरप्याने आळी करा. भिंतीलगतही फूटभर खडीचा पट्टा हवा. दाट पाल्यात विंचू-साप दिसत नाहीत.

लव्हाळा असेल तर घाई करू नका. वरचं गवत उपटून काहीच होत नाही, गाठी खणून काढाव्या लागतात. पहिल्या पावसानंतर १५ दिवस थांबा, उगवेल ते गाठीसकट काढा, मगच लावणी करा.

१०० चौरस फुटाला इंचभर शेणखत म्हणजे सुमारे ८ घनफूट, १५ लिटरची साधारण १६ घमेली. खत पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं घ्या; कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

रोपांत बुटका रिओ (खालून जांभळ्या, लांबट पानांचं रोप) सगळ्यात भरवशाचा: कमी पाण्यावर तगतो, छाटणी जवळपास लागत नाही. दोन-तीन तास ऊन येतं तिथे पानओवा, पण पाणी साचलं की तो सडतो. गडद सावलीत सिंगोनियम, बाणासारख्या पानांचा वेल. घरात रांगतं मूल असेल तर तो नको, पान चावल्यास तोंडाची आग होते. स्पायडर प्लांटला बोअरच्या खारट पाण्याने टोकं करपतात. लॉन सावलीत विरळ होतं, त्यावर पैसे घालू नका. वेडेलिया (पिवळ्या फुलांची, जमिनीवर रांगणारी) झपाट्याने पसरते आणि नंतर आवरत नाही, म्हणून ती टाळाच.

९ इंचावर लावलं तर १०० चौरस फुटाला सुमारे १८० रोपं लागतात, फुटावर १००. एवढी विकत घेण्यापेक्षा २०-२५ आणा आणि फुटवे, छाट (फांद्यांचे तुकडे) करून वाढवा. पानओव्याचा ४-५ इंची छाट दिवसभर सावलीत सुकवून लावा.

पहिले ६ आठवडे माती बोटभर खोल सुकली की पाणी द्या. नळ रोज येत नसेल तर २०० लिटरचं पिंप भरून ठेवा. नंतर थोडं थोडं शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एकदा खोल भिजवा, आणि वर २ इंच पालापाचोळा पसरा, रोपांचे बुंधे उघडे ठेवून.