दुपारीच चुका दाखवणारी रॅम: टीआरएफसी सैल केल्यावर सुटलेला प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील घरी ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला, माझा डेस्कटॉप (८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम पट्ट्या, वेग सेकंदाला ३६०० दशलक्ष हस्तांतरणे) रात्री मेमटेस्ट८६ ही रॅम तपासणारी चाचणी निर्दोष पार करीत असे. मात्र मे महिन्याच्या दुपारी एसी बंद असताना त्याच चाचणीत चुका येत आणि मोठ्या झिप फाइल्स उघडताना खराब निघत. पट्ट्यांच्या जागा बदलून व बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून फरक पडला नाही, आणि रॅमचे व्होल्टेज १.३५ वरून १.४० व्होल्ट केल्यावर तर चुका वाढल्या. वैताग आला होता.

रॅममधील सूक्ष्म कॅपॅसिटरांचा विद्युतभार उष्णतेत लवकर गळतो, म्हणून रिफ्रेशसाठी, म्हणजे तो भार पुन्हा भरण्यासाठी, राखलेला वेळ, म्हणजेच टीआरएफसी, तोकडा असल्यास चुका आधी उन्हाळ्यातच दिसतात. माझ्याकडे तो ४८० घड्याळ-ठोके होता, म्हणजे सुमारे २६७ नॅनोसेकंद (रॅमचे घड्याळ वेगाच्या निम्म्याने, १.८ गिगाहर्ट्झवर चालते). ८ गिगाबिट चिपसाठी डीडीआर४चे मानक ३५० नॅनोसेकंद सांगते.

प्रथम बायोसमध्ये मूळ सेटिंग्ज लोड करून एक्सएमपी (रॅमच्या उत्पादकाने दिलेली वेग व टायमिंगची तयार सेटिंग) सुरू केले. नंतर व्होल्टेज १.३५ असल्याची खात्री करून टीआरएफसी हाताने ६३० केला (३५० नॅनोसेकंद गुणिले १.८ गिगाहर्ट्झ) आणि बाकीचे टायमिंग (रॅमच्या कामांसाठी राखलेले वेळ) एक्सएमपीप्रमाणेच ठेवले. त्यानंतर सेटिंग्ज जतन करून भर दुपारी, एसी बंद ठेवूनच, मेमटेस्टच्या चारही फेऱ्या चालवल्या. रात्रीच्या चाचणीवर विसंबण्यात अर्थ नाही. एकही चूक आली नाही. सीएल (मागितलेला डेटा मिळेपर्यंतचा विलंब) १८ वरून १६ करण्याचा प्रयोग त्यानंतरच, एका वेळी एकच टायमिंग बदलून करावा.