मादक शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

मागच्या वर्षी आमच्या अमळनेरच्या फॅमिली ग्रुपवर नवीन वहिनीचा नऊवारीतला फोटो आला आणि चुलत भावाने खाली टाकलं, "वहिनी, काय मादक हसू!" त्याला म्हणायचं होतं मोहक. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि मला तिचंच बरोबर वाटलं.

आधी मूळ धरा. मादकमधे मद आहे, म्हणजे नशा, धुंदी. मद्य, उन्माद, मदमस्त ही त्याचीच भावंडं. मोहकमधे मन ओढलं जातं, मादकमधे भान जातं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं.

खरा मादक वास घ्यायचा असेल तर मार्च-एप्रिलमधे पहाटे सातपुड्यातल्या धडगावकडे जा, मोहाची फुलं खाली पडलेली असतात, फिकट पिवळी, गरगरीत, रसाने भरलेली, आणि झाडाखाली जरा वेळ उभं राहिलं की तो गोड जड वास डोक्यात चढत जातो, त्याच फुलांची दारूपण गाळतात. (झाडाचं नाव मोह आहे पण ते संस्कृत मधूकवरून आलंय, मनातल्या मोहाशी त्याचं नातं नाही.) तेच काड्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्याचा वास घ्या, तोंडाला पाणी सुटतं, पण तो खमंग, मादक नाही. झिंग येते का, एवढंच स्वतःला विचारायचं.

माणसाबद्दल बोलताना मादक म्हटलं की त्यात शरीराची ओढ येतेच. लावणीतली अदा, कवितेतले डोळे, नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं, इथे तो शोभतो. ऑफिसातली मैत्रीण, वहिनी, मित्राची बायको यांना नाही म्हणजे नाही, तिथे सुंदर, गोड, प्रसन्न म्हणा. मोहकसुद्धा चालतं.

काहींना वाटतं हा शब्द मादीवरून आलाय म्हणून फक्त बायकांसाठी. चूक. मादी फारसीतून आलाय, याचा त्याचा संबंध नाही, पुरुषाचा आवाजही मादक असू शकतो.

शब्द बदलत नाही, मादक डोळे, मादक आवाज, मादक नजर, सगळीकडे तसाच. नाम करायचं तर मादकता. आणि बातमीत "मादक पदार्थ" दिसलं तर ते गांजा-चरसबद्दल आहे.

चुकून पाठवलाच तर मेसेज डिलीट करून गप्प बसू नका, फोन करा आणि सरळ सांगा, शब्द चुकला. भावाने तिसऱ्या दिवशी तेच केलं.