मुखत्यारपत्रावर विसंबण्याआधी
वडिलांना विसरायला होऊ लागलं की ओळखीतलं कोणीतरी हमखास सांगतं, "मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, करून घ्या, बँकेची कामं अडणार नाहीत." हेतू चांगलाच असतो. पण भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 201 सांगतं की अधिकार देणारा विकल मनाचा झाला, म्हणजे स्वतःचं भलंबुरं समजून निर्णय घेऊ शकेनासा झाला, की ती मुखत्यारीही संपते. नोटरीचा शिक्का असला तरी! म्हणजे खरी गरज पडते तेव्हाच कागद निकामी. कोमा किंवा बळावलेला डिमेन्शिया असेल, तर कुटुंबं उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली पालकत्व, म्हणजे त्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, मागतात.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचा रस्ता वेगळा. तो 18 वर्षांचा झाला की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. पालक नेमून घेण्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खालच्या, जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते, हे मात्र सल्ला देणारे सहसा विसरतात.

म्हणून शेजाऱ्याचा अनुभव जरूर ऐका, पण आधी त्याला विचारा: निदान कोणतं होतं आणि आदेश कोणी दिला? मग डॉक्टरांचे कागद घेऊन वकील गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही विचारता येतं.