भोंग्यांवरची टीव्ही डिबेट बघायची कशी

आमच्या घरी बाबा रोज रात्री नऊला डिबेट लावतात आणि विषय भोंग्यांचा असला की पंधरा मिनिटांत घरातलेच दोघं एकमेकांवर ओरडायला लागतात. २०२२ मध्ये शिवाजी पार्कच्या पाडव्याच्या सभेत राज ठाकरे मशिदींवरचे भोंगे उतरवा म्हणाले, त्यानंतर तर महिनाभर हेच. तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

डिबेट सुरू व्हायच्या आधी नियम माहीत करून घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, सणासुदीला उशिरापर्यंत चालतं ते त्याच्यामुळे. मशीद, मंदिर, वरातीतला डीजे, मर्यादा सगळ्यांना तीच. आता कागद घ्या आणि तासाभरात डेसिबल हा शब्द किती वेळा येतो ते मोजा.

मग खालची पट्टी बघा, मला सगळ्यात जास्त राग तिचाच येतो. "शहराची शांतता कोणाला बिघडवायची आहे?" असं लिहिलेलं असतं, म्हणजे कोणीतरी मुद्दाम बिघडवतंय हे आधीच ठरवून टाकलं आणि प्रश्नचिन्ह लावल्यामुळे पुरावा द्यायची गरजच उरली नाही. प्रश्नचिन्ह काढून वाक्य मोठ्याने वाचा, लगेच कळतं.

चौकटीत कोण बसलंय तेही बघा. दोन प्रवक्ते, एक मौलाना, एक महंत. परवानगी देणारे पोलीस अधिकारी नाहीत, डेसिबल मोजणारं कोणी नाही, शेजारच्या बिल्डिंगमधला माणूसही नाही.

ग्रुपवर दहा सेकंदांची क्लिप आली तर पूर्ण कार्यक्रम यूट्यूबवर शोधून त्या वाक्याच्या आधीची दोन मिनिटं ऐका, मगच फॉरवर्ड करायचं की नाही ते ठरवा.

आणि एखाद्या धर्माबद्दल खरंच विखारी काही बोललं गेलं तर तक्रार करा, प्लीज करा. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत धर्मावर किंवा समाजावर हल्ला करणारा कार्यक्रम दाखवायला मनाई आहे. आधी चॅनलला लिहायचं, प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत, उत्तर पटलं नाही आणि चॅनल न्यूज चॅनलांच्या संघटनेचा सदस्य असेल तर त्या संघटनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे. "फार वाईट वाटलं" एवढंच लिहून पाठवू नका, तारीख, वेळ, लिंक आणि ते वाक्य जसंच्या तसं द्या.