खाल्लेलं अंगी लागायला हवं असेल तर हे करून बघा

आपण ताटात काय आहे ते बघतो, प्रोटीन किती, आयर्न किती, पण गिळलं म्हणजे मिळालं असं नसतं. अन्न लहान आतड्याच्या पोकळीत आहे तोवर ते शरीराच्या बाहेरच आहे असं समजा, अस्तराच्या पेशींनी ते उचलून आत घेतलं तरच अंगी लागतं. म्हणून आधी हे अस्तर कसं आहे ते बघू.

लहान आतडं साधारण 6 मीटर लांब, आत घड्या, घड्यांवर अर्धा-एक मिलिमीटरचे बोटांसारखे उंचवटे म्हणजे व्हिलाय, आणि त्यांच्यावरच्या पेशींना परत ब्रशसारखे बारीक केस. टेनिस कोर्टएवढं पसरेल असं जिथेतिथे लिहिलेलं असतं पण 2014 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हिशोब केला तो 30 चौरस मीटरच्या आसपास आला, तेही काही कमी नाही.

आता आयर्न. ते मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये शोषलं जातं, आणि भाज्या-कडधान्यांतलं आयर्न पेशींना सहज घेता येत नाही, व्हिटॅमिन सी सोबत असेल तर त्याचं रूप बदलतं आणि मग ते जातं. त्यामुळे जेवणात लिंबू किंवा आंबट फळ घ्या, आणि चहा-कॉफी जेवणानंतर निदान तासभर तरी नको, कारण त्यातले घटक आयर्नला धरून बसतात. कॅल्शियमची गोळी आणि आयर्नची गोळी तर एकत्र घेऊच नका. मी घरातच पाहिलंय, गोळी अगदी नियमित चालू पण वर लगेच चहा, आणि महिने गेले तरी हिमोग्लोबिन तिथेच, फार वाईट वाटतं कारण गोळी बदलायची गरजच नव्हती, चहाची वेळ बदलायची होती.

ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स फॅटबरोबरच आत जातात, म्हणून डीची गोळी उपाशीपोटी नको, जेवणासोबत घ्या. फॅटचा रस्ताही वेगळा आहे, साखर आणि प्रोटीनचे तुकडे रक्तातून आधी लिव्हरकडे जातात, फॅट मात्र व्हिलायच्या आतल्या लसिकावाहिनीतून (लिम्फ नावाचा द्रव वाहणारी बारीक नळी) फिरून मग रक्तात येतं.

जुलाबात काय करायचं हे तर प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. अस्तराच्या पेशीत एक वाहक असतो जो ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही मिळाले की दोघांना एकत्र आत ओढतो आणि त्यांच्यामागे पाणी जातं, आणि बहुतेक जुलाबांत हा वाहक चालूच राहतो. ओआरएस याच्यावरच चालतं, 1 लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ (शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट). पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, अंदाजाने नको, आणि चवीसाठी वर साखर तर अजिबात नको, जास्त साखर उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. जुलाबानंतर काही दिवस दूध पचलं नाही तर घाबरू नका, दुधाची साखर फोडणारं एन्झाइम पेशींवरच्या त्या ब्रशसारख्या केसांवरच असतं, अस्तर खरवडलं की ते कमी होतं आणि परत येतं. बाळाचं अंगावरचं दूध मात्र बंद करायचं नाही.

बी12 आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, आणि त्यासाठी जठरातून येणारं एक प्रोटीन लागतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बी12 तपासून घ्या.

नीट खाऊनही वजन उतरतंय, शौच तेलकट होतंय, हिमोग्लोबिन वाढतच नाहीये, असं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सिलिअ‍ॅक आजारात ग्लूटेनमुळे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या एका प्रोटीनमुळे, व्हिलाय झिजून सपाट होतात. इथे एक चूक खूप जण करतात, संशय आला की आधी गहू सोडतात आणि मग टेस्टला जातात, तसं केलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून टेस्ट होईपर्यंत गहू चालू ठेवा. निदान झालं की ग्लूटेन पूर्ण बंद. अस्तराच्या पेशी तशा दर 3 ते 5 दिवसांनी नव्या येतात, पण सपाट झालेले व्हिलाय परत उभे राहायला कित्येक महिने, मोठ्या माणसांत कधी काही वर्षंही लागतात, बरं वाटायला त्याच्या खूप आधी लागतं.